सायकलच्या हबसाठी सीलबंद बेअरिंग निवडताना

सायकलच्या हबमधील, म्हणजे चाकाच्या मधोमध असलेल्या नळकांड्यातील, बेअरिंग वजनाने थकून निकामी होण्याची वेळ फारशी येत नाही. त्याआधीच पाणी, माती आणि गंज मिळून त्याचा निकाल लावतात. नवे बेअरिंग निवडताना ही गोष्ट ध्यानात ठेवली, तर दुकानात किंवा संकेतस्थळावर समोर येणाऱ्या पर्यायांपैकी बरेचसे आपोआप बाजूला पडतात, कारण महागड्या बेअरिंगच्या जाहिरातीत जो वेग आणि जी अचूकता मिरवली जाते तिचा सायकलच्या चाकाशी संबंध फार थोडा असतो. माप बिनचूक हवे, सील चांगले हवे आणि माल अस्सल हवा. मात्र या प्रत्येक ठिकाणी फसण्याच्या जागा आहेत, आणि त्या टाळायच्या तर बेअरिंगवरील आकडे व अक्षरे वाचता आली पाहिजेत.

सर्वप्रथम आपल्या हबमध्ये सीलबंद बेअरिंग आहे की सुटे छर्रे, हे पाहावे. गावोगावी चालणाऱ्या साध्या काळ्या सायकलींत, तसेच शिमानोच्या बहुतेक हबमध्ये, कप (हबमधील वाटी) आणि कोन (ॲक्सलवरचा निमुळता नट) यांच्यामध्ये सुटे छर्रे बसवलेले असतात. तेथे छर्रे, ग्रीस आणि गरज पडल्यास कोन बदलायचा असतो. पुढील मजकूर त्या हबसाठी नाही. ॲक्सलच्या टोकावरची टोपी ओढून काढल्यावर आत रबराची किंवा पत्र्याची गोल चकती आणि तिच्या मधोमध पोलादी रिंग दिसली, तर ते सीलबंद बेअरिंग समजावे. काही सीलबंद हबना टोपीऐवजी लॉकनट असतात, त्यामुळे केवळ लॉकनट पाहून निष्कर्ष काढू नये.

बेअरिंग खरोखर बदलायला झाले आहे का, हे ठरवण्यासाठी चाक फ्रेममधून काढावे आणि ॲक्सल बोटांनी अगदी सावकाश फिरवावा. चाक वेगाने गरगरा फिरवून काही कळत नाही. सावकाश फिरवताना मात्र खरखर, एखाद्या ठिकाणी अडकणे किंवा टिकटिक लगेच बोटांना जाणवते. चाक पुन्हा फ्रेममध्ये कसून, रिम धरून डावी-उजवीकडे हलवल्यास प्ले, म्हणजे ढिली हालचाल, जाणवत असेल, तर बेअरिंगला दोष देण्यापूर्वी ॲक्सल आणि टोप्या किंवा लॉकनट पुरेसे घट्ट आहेत ना, हे तपासावे. नुसता जडपणा हा दोष मानू नये, कारण चांगले रबरी सील असलेले नवेकोरे बेअरिंगही हातात जडच फिरते. पुढच्या हबमध्ये साधारणपणे दोन बेअरिंग असतात. मागच्या हबमध्ये बहुधा चार असतात, दोन हबच्या अंगात आणि दोन फ्रीहबमध्ये (मागच्या दातेरी चकत्या बसतात त्या भागात), आणि चारही एकाच मापाची असतील असे गृहीत धरून खरेदी करणे महागात पडते. हबच्या अंगातील एक बेअरिंग गेले असेल तर त्याचे जोडीदारही बदलावे, कारण दोघांनी सारखाच पाऊस खाल्लेला असतो आणि हब पुन्हा उघडण्याचा खटाटोप दुसऱ्या बेअरिंगच्या किमतीपेक्षा मोठा असतो.

आता क्रमांकाकडे वळू. जुन्या बेअरिंगच्या सीलवर किंवा बाहेरच्या रिंगच्या कडेवर तो कोरलेला असतो. रॉकेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने ती जागा पुसून तिरप्या उजेडात पाहिल्यास बहुतेक वेळा वाचता येतो. समजा, ६९०२-२आरएस असा क्रमांक मिळाला. पहिला ६ म्हणजे छर्ऱ्यांची एक ओळ असलेले, खोल खाचेचे बेअरिंग. दुसरा आकडा मालिका सांगतो, म्हणजे त्याच भोकाभोवती बेअरिंग किती जाड आणि किती रुंद आहे हे सांगतो. शेवटचे दोन आकडे आतल्या भोकाचे: ०० म्हणजे १० मिलिमीटर, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७, आणि ०४ पासून पुढे त्या आकड्याची पाचपट, म्हणजे ०४ चे २० आणि ०५ चे २५ मिलिमीटर. १० मिलिमीटरपेक्षा लहान भोकाच्या बेअरिंगचा क्रमांक तीन आकडी असतो आणि त्यातील शेवटचा आकडा थेट भोकाचे माप असतो; स्केटच्या चाकांत आणि काही स्वस्त हबमध्ये येणारे ६०८ म्हणजे ८ मिलिमीटर भोक, २२ बाहेरचा व्यास आणि ७ रुंदी.

मालिकेचा आकडा किती महत्त्वाचा आहे हे १५ मिलिमीटरच्या भोकावरून स्पष्ट होते. ६८०२ चे माप १५ × २४ × ५, ६९०२ चे १५ × २८ × ७, ६००२ चे १५ × ३२ × ९, आणि छताच्या पंख्यात सर्रास आढळणाऱ्या ६२०२ चे १५ × ३५ × ११. चौघांतून एकच ॲक्सल जातो, पण हबच्या भोकात एकच बसते. ‘पंधराचे बेअरिंग द्या’ एवढे सांगून दुकानातून आणलेला माल म्हणूनच परत जातो. येथे एक गोष्ट जाता जाता सांगण्याजोगी आहे: ६९०२ ची भार पेलण्याची क्षमता ६८०२ च्या दुपटीहून अधिक असते. बेअरिंग बदलताना याचा उपयोग नाही, कारण हबचे भोक ठरलेले असते; परंतु नवे हब किंवा नवी चाके घेताना, आत ६८ ची मालिका आहे की ६९ ची, हा प्रश्न विक्रेत्याला अवश्य विचारावा. ६८ मालिकेतील बारीक छर्रे आणि पातळ रिंगा वजन वाचवतात खऱ्या, पण खड्ड्यांच्या रस्त्यावर, सामान लादलेल्या सायकलीत त्या लवकर बोलू लागतात.

क्रमांकांच्या लेखनपद्धतीतही एक खाचखळगा आहे. काही युरोपीय उत्पादक, त्यांत एसकेएफही आली, ६९०२ ला ६१९०२ आणि ६८०२ ला ६१८०२ लिहितात; माप तेच असते, वेगळे काही नाही. उलट ६००२ आणि ६२०२ सर्वत्र तसेच लिहिले जातात. सायकलच्या हबसाठी मुद्दाम तयार केलेली काही मापे तर या यादीत मुळीच नसतात. त्यांचा क्रमांक मापे एकापुढे एक लिहूनच केलेला असतो: १५२६७ म्हणजे १५ × २६ × ७, आणि १८३०७ म्हणजे १८ × ३० × ७. अशी बेअरिंग मोटारसायकलच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळणार नाहीत. ती सायकलच्या सामानाच्या विक्रेत्याकडूनच मागवावी लागतात.

क्रमांक पुसला गेला असेल, किंवा आधीच्या मालकाने काय बसवले असेल याची खात्री नसेल, तर व्हर्नियर कॅलिपरने मोजणे हाच मार्ग. आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि रुंदी ही तिन्ही मापे घ्यावीत, आणि तीही दोन-तीन ठिकाणी, कारण ठोकून काढलेल्या बेअरिंगची रिंग थोडी दबलेली असू शकते. रुंदी आतल्या आणि बाहेरच्या रिंगची वेगवेगळी मोजावी. काही खास बेअरिंगमध्ये आतली रिंग बाहेर आलेली असते आणि तेथे साधे बेअरिंग बसवले तर मधले अंतर कमी पडते. रुंदीत एका मिलिमीटरचा फरक किरकोळ वाटतो, पण तेवढ्याने टोपी नीट टेकत नाही किंवा डिस्क ब्रेकची तबकडी ब्रेकच्या कॅलिपरला घासू लागते. बाहेरचा व्यास बरोबर २२ न येता २२.२ च्या आसपास आला आणि आतला ९.५, तर मोजण्यात चूक झाली असे समजून पुढे जाऊ नये. ते इंची मापाचे आर६ बेअरिंग असण्याची शक्यता आहे, ज्याची मापे ९.५२५ × २२.२२५ × ७.१४२ मिलिमीटर असतात. त्याच्या जागी मेट्रिक बेअरिंग ढिले बसते आणि काही दिवसांत हबचे भोकच खराब करते.

माप ठरल्यावर खरी निवड सुरू होते ती सीलची, आणि माझ्या मते पैसे आणि लक्ष दोन्ही येथेच खर्च करावे. क्रमांकामागे झेडझेड किंवा २झेड असेल तर दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणे आहेत. ही झाकणे आतल्या रिंगला टेकत नाहीत, मध्ये बारीक फट राहते. पंख्यात किंवा विजेच्या मोटारीत धूळ अडवायला ती पुरेशी असतात, पण पावसात चालणाऱ्या चाकात त्या फटीतून पाणी सरळ आत जाते. झेडझेड स्वस्त आणि सहज मिळते म्हणून दुकानदार ते पुढे करतो. हबसाठी ते घेऊ नये. २आरएस म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील. परंतु रबरी सीलचेही प्रकार आहेत: रबराची ओठासारखी कड आतल्या रिंगला टेकलेली असेल तर पाणी चांगले अडते आणि बेअरिंग थोडे जड फिरते, कड न टेकता जवळून जाणारी असेल तर बेअरिंग हलके फिरते, पण पाण्याला वाट राहते. उत्पादकागणिक अक्षरे बदलतात. एनटीएनच्या एलएलयू मध्ये कड टेकलेली असते, एलएलएच मध्ये हलकी टेकलेली आणि एलएलबी मध्ये न टेकलेली. एनएसकेच्या डीडीयू मध्ये ती टेकलेली असते, व्हीव्ही मध्ये नसते. एसकेएफच्या २आरएस१ आणि २आरएसएच मध्ये टेकलेली, तर २आरझेड मध्ये न टेकलेली असते.

कोकणात किंवा घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर सायकल चालवणाऱ्याने, त्याचप्रमाणे सर्व्हिसिंग सेंटरवर प्रेशरच्या पाण्याने सायकल धुवून घेणाऱ्याने, दुसरा विचार न करता कड टेकलेले सील घ्यावे. प्रेशरच्या पाण्यापुढे हेही सील टिकेलच असे नाही, म्हणून फवारा हबवर मारू देऊ नये. केवळ कोरड्या दिवसांत, शर्यतीसाठी वापरायच्या चाकांत हलके सील घेण्याला अर्थ आहे. बोटाने फिरवल्यावर कोणते बेअरिंग जास्त वेळ फिरत राहते यावरून प्रत ठरवणे हा दुकानातला आवडता खेळ असला, तरी त्यातून फक्त एवढेच कळते की एकात ग्रीस कमी आहे किंवा सील टेकलेले नाही.

यानंतर येते आतली मोकळीक. छर्रे आणि रिंगा यांच्यामध्ये मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरच्या हजाराव्या भागात) मोजावी लागणारी जागा मुद्दाम ठेवलेली असते. १५ मिलिमीटर भोकाच्या बेअरिंगमध्ये नेहमीची मोकळीक ३ ते १८ मायक्रॉन असते आणि तिच्यासाठी वेगळे अक्षर सहसा छापत नाहीत. सी३ असे लिहिले असेल तर ती ११ ते २५ मायक्रॉन असते. हबचे भोक बेअरिंगपेक्षा किंचित लहान ठेवलेले असल्यामुळे बेअरिंग दाबून बसवले की बाहेरची रिंग आवळली जाते आणि मोकळीक आणखी घटते. ती संपूर्ण संपली तर हातात गुळगुळीत फिरणारे नवे बेअरिंग हबमध्ये गेल्यावर अडकत फिरू लागते, आणि मालक मात्र बेअरिंगच खराब निघाले असे समजतो. म्हणून जेथे बेअरिंग बरेच घट्ट बसते तेथे सी३ घेणे सोयीचे ठरते. सी३ मुळे रिमपाशी अगदी हलकी हालचाल जाणवू शकते, ती दोष नव्हे. हबमध्ये बेअरिंग सहज, हलक्या दाबाने बसत असेल तर नेहमीच्या मोकळिकीचेच घ्यावे. ज्या हबमध्ये प्ले काढण्यासाठी वेगळी रिंग किंवा नट असतो त्यांत कधीकधी तिरक्या भाराची खास बेअरिंग बसवलेली असतात. ती उलटसुलट बसवून चालत नाहीत आणि त्यांच्या जागी साधी बसवू नयेत.

एबीईसी या अक्षरांवर मात्र फार वेळ घालवण्याची गरज नाही. ही अमेरिकी श्रेणी १, ३, ५, ७, ९ अशी चढत जाते. तिच्याशी जुळणाऱ्या दुसऱ्या पद्धतीत पी०, पी६, पी५, पी४, पी२ असे आकडे असल्यामुळे तेथे पी५ हे पी६ पेक्षा वरचे ठरते. श्रेणी फक्त मापातली आणि फिरण्यातली अचूकता सांगते. पोलाद कसे आहे, छर्रे कितपत गुळगुळीत आहेत, सील कोणते आणि ग्रीस किती, याबद्दल ती मूक असते. साधारण २.१ मीटर परिघाचे चाक ताशी ३० किलोमीटर वेगाने मिनिटाला जेमतेम २४० फेरे घेते, आणि या मापाची साधी बेअरिंगही मिनिटाला हजारो फेऱ्यांसाठी बनवलेली असतात. एबीईसी ३ किंवा ५ असेल तर उत्तम, काही लिहिलेले नसेल आणि उत्पादक नामांकित असेल तरी उत्तम.

सिरॅमिक बेअरिंगबद्दल बरेच बोलले जाते. सायकलसाठी विकल्या जाणाऱ्या अशा बहुतेक बेअरिंगमध्ये छर्रे सिलिकॉन नायट्राइडचे असतात, पण रिंगा पोलादाच्याच राहतात. छर्रे गंजत नाहीत हे खरे. रिंगा गंजतात, आणि कचरा आत शिरला तर ते कठीण छर्रे रिंगांची खाच लवकर खराब करतात. आपल्या पावसाळ्यासाठी हा खर्च मला तरी समर्थनीय वाटत नाही. स्टेनलेस पोलादाची गोष्ट वेगळी. क्रमांकाच्या आधी एस किंवा एसएस असलेली ही बेअरिंग बहुधा ४४०सी जातीच्या पोलादाची असतात. नेहमीच्या ५२१०० क्रोम पोलादापेक्षा त्यांची भारक्षमता काहीशी कमी असली तरी हबसाठी ती पुरते. अलिबाग, मालवण किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर राहणाऱ्याने, विशेषतः सायकल आठवडेच्या आठवडे उभी राहत असेल तर, त्यांचा विचार करावा. छर्ऱ्यांना एकमेकांपासून दूर ठेवणारी मधली पट्टी काढून पूर्ण छर्ऱ्यांनी भरलेली, बहुधा मॅक्स नावाने विकली जाणारी बेअरिंग सस्पेन्शनच्या सांध्यांसाठी असतात, जेथे थोडेसेच मागे-पुढे फिरायचे असते. भार जास्त पेलतात म्हणून ती चाकात घालण्याचा मोह टाळावा.

ग्रीसचे सांगायचे तर, कारखान्यातून येणाऱ्या साध्या बेअरिंगमध्ये मोकळ्या जागेचा सुमारे तिसरा हिस्साच ग्रीस भरलेले असते, कारण विजेच्या मोटारीच्या वेगात जास्त ग्रीस तापते. सायकलच्या वेगात तापण्याचा प्रश्नच येत नाही. बसवण्यापूर्वी आतल्या रिंगच्या बाजूने पातळ टोकाने सील अलगद उचलावे, रबराची कड चिरू देऊ नये, आणि पाण्याला दाद न देणारे ग्रीस जागेच्या निम्म्याहून थोडे अधिक भरून सील पुन्हा दाबून बसवावे. कॅल्शियम सल्फोनेटचे किंवा बोटींसाठी मिळणारे मरीन ग्रीस या कामाला चांगले. पाच मिनिटांच्या या कामाने बेअरिंगला जेवढे आयुष्य मिळते तेवढे ते एबीईसी ७ ने मिळत नाही.

खरेदी कोठून करावी, हे मापावर अवलंबून आहे. ६०००, ६००१, ६२०० यांसारखी बेअरिंग यंत्रसामग्रीच्या कोणत्याही बऱ्या दुकानात मिळतात. मुंबईतील नागदेवी स्ट्रीटसारख्या बाजारात तर ती ढिगाने असतात, आणि जयपूरच्या एनबीसीपासून चिंचवडला कारखाना असलेल्या एसकेएफपर्यंत अनेकांचा माल पाहता येतो. ६८ आणि ६९ च्या पातळ मालिका तेथे विचारून पाहाव्यात, पण बऱ्याचदा झेडझेडच शिल्लक असते आणि रबरी सीलचे मागवावे लागते. मोठ्या नावांचा नकली माल ही या बाजारातली जुनी डोकेदुखी आहे. खोका आणि छपाई हुबेहूब असते, त्यामुळे डोळ्यांनी ओळखण्यावर भिस्त ठेवण्यापेक्षा उत्पादकाच्या अधिकृत वितरकाकडून बिलासह घेणे बरे. एसकेएफने तर संशयित मालाची छायाचित्रे पाठवून शहानिशा करण्यासाठी ॲपही दिलेले आहे. नामांकित कंपनीचे बेअरिंग नेहमीच्या भावाच्या निम्म्यात मिळत असेल तर ते न घेतलेलेच चांगले. पाकीट बसवण्याच्या वेळीच फोडावे.

बसवताना एकच नियम काटेकोरपणे पाळावा: हबमध्ये दाबताना जोर बाहेरच्या रिंगवर द्यावा आणि ॲक्सलवर चढवताना आतल्या रिंगवर. उलट केले तर सगळा जोर छर्ऱ्यांतून जातो आणि रिंगेत उमटलेले त्यांचे ठसे चाक फिरू लागताच जाणवतात. बाहेरच्या व्यासापेक्षा किंचित लहान सॉकेट, लांब बोल्ट, दोन नट आणि जाड वॉशर यांनी घरच्या घरी सरळ दाब देता येतो. हातोडीने ठोकण्यापेक्षा हे कितीतरी सुरक्षित. बेअरिंग अंगठ्याच्या दाबानेच आत सरकले तर प्रश्न बेअरिंगचा नसून हबच्या भोकाचा आहे. भोक थोडेसेच मोठे झाले असेल तर दोन्ही पृष्ठभाग पुसून, तेलकटपणा काढून, लॉक्टाइट ६४१ सारखे बेअरिंग धरून ठेवणारे द्रावण बाहेरच्या रिंगभोवती लावावे, ते सीलच्या कडेला लागू देऊ नये, आणि एक दिवस चाक न वापरता ठेवावे. भोक स्पष्टपणे अंडाकृती झाले असेल, तर कोणतेही बेअरिंग तेथे सरळ बसणार नाही आणि हबच बदलावे लागेल.